नाताळच्या गर्दीत घारापुरीची लाँच

नाताळची सुट्टी लागली की गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर घारापुरी बेटावरची लेणी पाहायला जाणाऱ्यांची रीघ लागते. जेमतेम 10 किलोमीटरचं अंतर, लाँचनं तासाभराचा प्रवास. पण गर्दीतही तो सुखाचा व्हायचा, तर थोडी तयारी हवी. सकाळची पहिली लाँच गाठा. तेव्हा रांग लहान आणि ऊन कोवळं असतं. सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरू नका. बेटावर शंभराहून अधिक पायऱ्या चढायच्या असतात, सोबत पाणी ठेवा. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीला निघालेल्या एका बोटीला अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. म्हणून लाँच सुटण्याआधीच लाइफ जॅकेट मागून घ्या, अंगावर नीट बांधा. मुलांसाठी त्यांच्या मापाचं घ्या. बोट खचाखच भरली असेल, तर पुढच्या बोटीची वाट पाहा. लेण्यातली त्रिमूर्ती शतकानुशतकं तिथं उभी आहे. आपण अर्धा तास उशिरा पोहोचलो, तरी तिचं दर्शन चुकणार नाही. घरी सुखरूप परतणं महत्त्वाचं.