गाडीच्या टाकीतला पंप

आमच्या गटाकडे पेट्रोलवर चालणारी एक जुनी गाडी आहे. दुपारी कोथिंबीर-मेथी भरायची आणि पंचवटीच्या बाजार समितीत संध्याकाळचा लिलाव गाठायचा. गाडी अडली की जुड्या पिवळ्या पडतात, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आज फ्यूएल पंपाविषयी बोलू.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हा पंप बहुधा इंजिनाला लावलेला असायचा. आताच्या पेट्रोल गाडीत तो टाकीच्या आत बसतो आणि विजेवर चालतो. किल्ली ऑन केली की मागून दोनेक सेकंद बारीक गुणगुण येते. ती येत नसेल आणि सेल मारूनही इंजिन पेटत नसेल, तर पंपावर संशय घ्यावा. पण लगेच नवा आणू नये. आधी टाकीत पेट्रोल आहे का ते बघा (हसू नका, काटा कधी कधी खोटं बोलतो). मग फ्यूज, मग रिले. आम्हाला एका गॅरेजवाल्याने थेट पंपाचा खर्च सांगितला होता. निघाला जळालेला फ्यूज!

यंदा मात्र पंपच गेला. एका ताईंचा मुलगा आयटीआय झालेला. त्याला सोबत घेऊन आम्ही तो अंगणात बदलला.

सगळ्यात आधी आगीची काळजी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. म्हणून गाडी मोकळ्यावर घ्या. चूल, विडी, मोबाइल लांब ठेवा, मुलांना घरात. कोरडी वाळू जवळ हवी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतायचं नाही. टाकी निम्म्याहून रिकामी असावी, पण पेट्रोल तोंडाने ओढून काढू नये.

पंपाचा फ्यूज काढून सेल मारला की नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. आमच्या गाडीत सीटखाली झाकण होतं. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा, नाहीतर ती टाकीत पडते. वरची रिंग लाकडी ठोकळ्याने हळू ठोकून फिरवा. लोखंडाने ठिणगी उडते. पंप तिरका करून काढा, काट्याचा दांडा वाकू देऊ नका. नव्या पंपाबरोबर रबरी सीलही नवंच घाला. जोडल्यावर किल्ली तीन-चारदा ऑन-ऑफ करा आणि नळीपाशी ओल दिसते का ते बघा. वास आला तरी गाडी सुरू करू नका.

टाकी खाली उतरवावी लागत असेल, तर काम गॅरेजलाच द्या. डिझेल गाडीचंही तसंच. आपण मायको सर्कल म्हणतो ना, ते ज्या कारखान्याच्या नावावरून पडलं, तिथे डिझेलचे इंजेक्टर बनतात. त्या यंत्रणेत दाब इतका असतो की बारीक धारही कातडीत शिरते. तिथे घरी हात घालू नये.

आणि टाकी कायम पाव तरी भरलेली ठेवा. पंप पेट्रोलनेच थंड राहतो. शंभर-शंभरचं टाकून गाडी चालवली की तो लवकर जातो.