हिमगौरीच्या गालांवरचा रंग

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वाचून काहीजणींना नवल वाटलं असेल. हुंडा, मारहाण, रेशन, रोजगार असे प्रश्न समोर असताना राजकन्येच्या कार्टून सिनेमावर काय बोलायचं? पण चार वर्षांची मुलगी आपलं पत्रक वाचत नाही. ती गोष्ट ऐकते, सिनेमा बघते, त्यातली गाणी पाठ करते. घरकाम हे बाईचंच, आणि ते तिनं हसत करायचं, हा धडा तिला कुणी फळ्यावर लिहून देत नाही. तो असा गाण्यातून येतो. म्हणून आज एकाच सिनेमाकडे जरा नीट बघू.

सिनेमाचं नाव 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स'. आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट 'हिमगौरी आणि सात बुटके' म्हणून माहीत आहे. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचा पहिला खेळ झाला. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, ८३ मिनिटांचा. कार्टून एवढा वेळ कोण बघत बसणार, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. लोकांनी तो डोक्यावर घेतला. १९३९ मध्ये ऑस्करच्या समारंभात डिस्नेला एक मोठी बाहुली आणि तिच्याबरोबर सात छोट्या बाहुल्या देण्यात आल्या. पुढे राजकन्यांचे जे सिनेमे आले, त्या सगळ्यांची ही थोरली बहीण.

मूळ गोष्ट जर्मनीतली. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या भावांनी ती १८१२ साली छापली. त्या पहिल्या आवृत्तीत मुलीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ग्रिम बंधूंनी तिची सावत्र आई केली. आई अशी वागूच शकत नाही, हे ठरवून टाकलं आणि दोष सावत्र आईच्या माथी मारला. म्हणजे गोष्टी आभाळातून पडत नाहीत. त्या कुणीतरी सांगतं, कुणीतरी बदलतं. आणि बदल कुठे केला हे पाहिलं की सांगणाऱ्याच्या मनातलं कळतं.

आता सिनेमात काय बदललं ते पाहा. ग्रिमच्या गोष्टीत हिमगौरी रानातून पळत बुटक्यांच्या घरी पोचते, तेव्हा ते घर अगदी नीटनेटकं आहे. पांढरी चादर घातलेलं मेज, त्यावर सात ताटल्या, भिंतीला लावून सात पलंग. सात पुरुष आपलं घर आपण छान ठेवतात! ती थोडं खाते आणि झोपून जाते. बुटके परत आल्यावर तिची हकिगत ऐकतात आणि अट घालतात: आमचा स्वयंपाक कर, अंथरुणं घाल, धुणं-शिवण-विणकाम कर, मग तुला इथे काही कमी पडणार नाही. सौदा आहे, आणि तो सरळ बोलून केलेला आहे. आसरा हवा तर काम कर. मजुरी नाही, पण निदान हे काम आहे आणि त्याच्या बदल्यात काहीतरी द्यायचं असतं, एवढं तरी त्यात कबूल केलेलं आहे.

सिनेमात तेच घर घाणीनं भरलेलं आहे. भांडी खरकटी, जळमटं लोंबताहेत, सगळीकडे धूळ. हिमगौरीला वाटतं, इथे सात पोरकी मुलं राहत असावीत. त्यांना आई नसणार, नाहीतर घर असं का असतं? म्हणजे घर घाण असण्याचा अर्थ काय, तर घरात बाई नाही. आणि ती लगेच झाडू हातात घेते. अजून घराचे मालक आलेले नाहीत, कुणी काही मागितलेलं नाही. जीव वाचवून पळालेली, रानात घाबरलेली ती मुलगी हरणं, खारी, पाखरं यांना मदतीला घेऊन सगळं घर साफ करते, आणि काम करताना शीळ घालण्याचं गाणं म्हणते. पुढे बुटके तिला ठेवून घ्यायचं की नाही अशा विचारात असतात, तेव्हा तीच म्हणते की मी धुईन, शिवीन, झाडीन, रांधीन. ग्रिमच्या गोष्टीत जी अट होती, ती इथे मुलीची स्वतःची हौस झाली.

एवढाच बदल, पण फार मोठा. अट असेल तर तिच्यावर भांडता येतं. हौसेवर कसं भांडणार? आपल्या बैठकांत बाया सांगतात ना, 'ताई, मला कुणी करायला सांगत नाही हो, मलाच राहवत नाही.' हे 'राहवत नाही' कसं घडवलं जातं, ते इथे रंगीत चित्रात दिसतं.

कुणी म्हणेल, काम करताना गाण्यात वाईट काय? आपल्या आया-आज्या जात्यावर गातच होत्या. बरोबर आहे. पण त्या काय गात होत्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून काम करत महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठोबा आहे. आणि सासुरवास आहे, दमलेले हात आहेत, बाईच्या जन्माबद्दलची तक्रारही आहे. ती गाणी बायांनी स्वतः रचली, पहाटेच्या अंधारात, आपल्यासारख्याच दुसरीच्या सोबतीनं. काम जड आहे हे त्या गाण्यात लपवलेलं नाही. सिनेमातलं गाणं मात्र काम हलकं आहे असं सांगतं. ते लिहिणारा पुरुष, त्याला चाल लावणाराही पुरुष. गाण्याला माझा विरोध नाही. गाणं कुणाचं, एवढंच मी विचारते आहे.

आता पडद्यामागे जाऊ. कारण ही गोष्ट तिथेही तशीच घडली.

त्या काळी कार्टून सिनेमा पूर्ण हातानं बनायचा. ॲनिमेटर कागदावर पेन्सिलीनं हालचालींची चित्रं काढायचे. मग ती पारदर्शक सेल्युलॉइडच्या शीटवर शाईनं उतरवायची, आणि शीट उलटी करून मागच्या बाजूनं रंग भरायचा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. ८३ मिनिटांचा हिशेब केला तर जवळजवळ १ लाख २० हजार चौकटी होतात, आणि एकेका चौकटीत अशा कितीतरी शीटा एकीवर एक ठेवलेल्या. रेघ जरा जाड झाली, हात किंचित हलला, तरी पडद्यावर चित्र थरथरतं. म्हणून हातात पातळ सुती मोजे घालून, श्वास आवरून ही रेघ ओढायची. हे काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्या तरुण मुली होत्या. त्यांच्या विभागाला 'इंक अँड पेंट' म्हणत. वॉल्ट डिस्नेची पत्नी लिलियन हीसुद्धा लग्नाआधी याच कामावर होती.

हिमगौरीच्या गालांवरचा गुलाबी रंग आठवतो? नुसता रंग भरला तर गालावर ठिपका चिकटवल्यासारखा दिसायचा. तेव्हा हेलन ओगर नावाच्या कलाकार स्त्रीनं कापसाच्या बारीक बोळ्यानं एकेका शीटवर रंग हळुवार टिपून कडा विरघळवल्या. एका शीटवरची लाली पुढच्या शीटवरच्या लालीशी जुळली पाहिजे, नाहीतर राजकन्येचा गाल लुकलुकणार. ते नजरेनं आणि हाताच्या अंदाजानं जुळवलेलं होतं. याला कला म्हणायचं नाही तर कशाला?

पण स्टुडिओ तसं म्हणत नव्हता. जून १९३८ मध्ये, म्हणजे सिनेमा गाजत असतानाच, काम मागणाऱ्या एका मुलीला स्टुडिओच्या कागदावर नकाराचं पत्र गेलं. ते आज अनेक ठिकाणी छापलेलं आहे. त्यात म्हटलं होतं की कार्टूनसाठी लागणारं सर्जनशील काम स्त्रिया करत नाहीत, ते सगळं तरुण पुरुष करतात. स्त्रियांना मोकळं काम एकच, शाईनं गिरवण्याचं आणि रंग भरण्याचं. पत्रावर सही होती एका स्त्रीची. हेही लक्षात ठेवा. दाराशी उभं राहून दुसरीला 'नाही' म्हणायचं कामही आपल्यालाच दिलं जातं.

आणि ते पत्र खरंही नव्हतं. याच सिनेमाच्या श्रेयनामावलीत कथाविभागात डोरोथी ॲन ब्लँक हे नाव आहे, कलादिग्दर्शकांत हेझल सेवेल हे नाव आहे. हेझल सेवेल इंक अँड पेंट विभागाची प्रमुख होती. पण तिच्या हाताखालच्या मुलींची नावं पडद्यावर नाहीत. हिमगौरीला आवाज देणारी ॲड्रियाना कॅसेलॉटी, तिचंही नाव नाही. हिमगौरी कशी चालते, कशी वळते, झगा कसा फिरतो हे ॲनिमेटरांना कळावं म्हणून कॅमेऱ्यासमोर नाचून दाखवणारी किशोरवयीन नर्तकी मार्जरी बेल्चर, तिचंही नाही. आवाज एकीचा, अंग दुसरीचं, रेघ आणि रंग कितीकजणींचे. एवढ्या बायांची मिळून एक राजकन्या झाली, आणि पडद्यावर ती एकटीच राजपुत्राची वाट बघते!

न्याय म्हणून बोलायचं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत तेव्हा महामंदी होती. घराघरांत बेकारी होती. अशा वेळी चित्रकला शिकलेल्या मुलींना पगाराचं, स्वच्छ जागेतलं काम मिळालं. अनेकींना त्याचा अभिमान होता, मैत्रिणी मिळाल्या. त्या बिचाऱ्या होत्या असं मी म्हणत नाही. मात्र नावाजलेल्या पुरुष ॲनिमेटरांच्या मानानं त्यांचा पगार फारच थोडा होता, आणि वर जायची वाट जवळजवळ बंद होती. मे १९४१ मध्ये स्टुडिओत संप झाला तेव्हा यातल्या मुलीही फलक घेऊन दारात उभ्या राहिल्या. कामगार संघटनेला मान्यता मिळाली. शीळ घालत काम करा म्हणणाऱ्या स्टुडिओच्या दारात घोषणा झाल्या, हे मला फार बोलकं वाटतं.

पुढे काय झालं? १९४२ च्या 'बांबी'मध्ये रेटा स्कॉट ही डिस्नेच्या चित्रपटात ॲनिमेटर म्हणून नाव लागलेली पहिली स्त्री ठरली. १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डालमेशन्स'पासून पेन्सिलीची चित्रं झेरॉक्सच्या तंत्रानं थेट शीटवर उतरू लागली आणि शाईवाल्या बायांची गरज सरली. १९९० पासून रंगही संगणकावर भरला जाऊ लागला. आधी बायांचं काम यांत्रिक म्हणायचं, आणि मग खरंच यंत्र आणून त्यांना घरी पाठवायचं, हा क्रम आपल्याकडच्या किती उद्योगांत बघितलाय आपण! त्याच स्टुडिओच्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाची दिग्दर्शक म्हणून स्त्रीचं नाव लागायला २०१३ साल उजाडलं. 'फ्रोझन'ची ती सहदिग्दर्शक, जेनिफर ली. त्या सिनेमातही राजकन्या आहेत, गाणी आहेत. पण गोठलेलं काळीज वितळतं ते बहिणीच्या प्रेमानं, राजपुत्राच्या चुंबनानं नाही. गोष्ट कोण सांगतं यानं फरक पडतो तो असा. ॲड्रियाना कॅसेलॉटीला स्टुडिओनं सन्मानानं बोलावलं ते १९९४ मध्ये, आणि शाई-रंगवाल्या स्त्रियांची नावं शोधून मिंडी जॉन्सन यांनी मोठं पुस्तक काढलं ते २०१७ मध्ये. तोवर त्यांतल्या बहुतेकजणी गेल्या होत्या.

मग आपण काय करायचं? मुलींना हा सिनेमा दाखवायचा नाही? मला बंदी पटत नाही. मुलींना तो आवडतो, आणि त्यातली मेहनत पाहिली तर आवडण्यासारखाच आहे. आपण शेजारी बसून बघू, आणि दोन-तीन साधे प्रश्न विचारू. बुटके सातजण होते, मग भांडी कुणी घासायला हवी होती? दमून आलेल्या मुलीला आधी काय द्यायला हवं, झाडू की भाकरी? आणि सिनेमा संपल्यावर ही चित्रं कुणी रंगवली असतील? मुलं फार छान उत्तरं देतात. मुलांना म्हणजे मुलग्यांनाही विचारा, विसरू नका.

शेवटचं, आणि हे आपल्यासाठी. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. ही आकडेवारी आपण भाषणात वापरतो. पण आपल्या संयुक्त मोर्च्यांचं, परिषदांचं काय? खळ कुणी शिजवली, फलक कुणी रंगवले, चहा कुणी केला, बाहेरगावच्या पाहुण्यांची अंथरुणं कुणी घातली, याची नोंद कुठल्या अहवालात असते? व्यासपीठावर बोलणाऱ्यांची नावं छापून येतात. या शिबिराचा अहवाल लिहिताना स्वयंपाकघरात असलेल्या पाचजणींची नावं पहिल्या पानावर घालावीत, आणि उद्याची भांडी वक्त्यांनी घासावीत, अशी माझी सूचना आहे. सुरुवात माझ्यापासून करा.