फडातला घाम, मैदानातला घाम

डॉक्टर मंडळी, आशाताई आणि घरातला आजार न लपवता इथवर आलेले रुग्ण व नातेवाईकहो,

गेवराईत स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत करतो. तीव्र मानसिक आजार, बालपणीचे आघात आणि व्यायाम हा विषय घेऊन परिषद तालुक्याच्या गावी भरते, तेव्हा लोक विचारतात, 'इथं कशाला?' राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. आमचा माणूस अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय नाहीतर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठतो. पण हे निम्मंच उत्तर झालं.

उरलेलं निम्मं उसाच्या फडात आहे. दिवाळीच्या आगेमागे इथल्या वाड्या-तांडे रिकामे होतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो. लेकरू बरोबर गेलं तर फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतं, थंडीत उसाचे वाढे बांधतं. मागं राहिलं तर म्हाताऱ्या आजीजवळ आईची वाट बघतं. मुलगी जरा मोठी झाली की लग्न उरकायची घाई. याच गेवराईत संतोष गर्जे यांनी सहारा अनाथालय उभं केलं, त्याची गरज काय होती ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. अशा सगळ्याच लेकरांना पुढे आजार होतो असं मुळीच नाही, आणि ऊसतोड आईबापांच्या माथी आणखी एक दोष मारायला आपण जमलेलो नाही. मात्र 2012 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा बालपणी मारहाण, अत्याचार, आबाळ सोसलेल्यांत सायकोसिसचा धोका सुमारे पावणेतीन पट दिसला. हे आपल्याला झोप येऊ देऊ नये इतकं मोठं आहे.

आता व्यायाम. 'कष्टकऱ्याला व्यायाम कशाला?' हा प्रश्न आमच्या भागात नेहमी ऐकू येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना घाम निघतोच. पण तो उचल फेडण्याचा घाम. पाय थकले म्हणून तिथे थांबता येत नाही. ज्याचं शरीर लहानपणापासून दुसऱ्याच्या हुकमावर वाकलं, त्याला रांगेत उभं करून शिट्टीवर कवायत करायला लावली, तर त्यात उपचार कुठे राहिला? धावताना छाती धडधडते, श्वास फुलतो. भीती वाटते तेव्हाही तसंच होतं. एखाद्याला त्या धडधडीतून जुनं काही उसळून येतं. म्हणून केव्हा थांबायचं ते त्याने ठरवावं, आणि आसन शिकवताना अंगाला हात लावण्याआधी त्याला विचारावं.

इतकी काळजी घेऊन व्यायाम द्यायचाच, कारण लाभ मोठा आहे. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि त्यात हृदयविकार व मधुमेहाचा वाटा मोठा. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, तरी औषध मनाने बंद करायचं नाही, हेही याच व्यासपीठावरून सांगतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये औषधाच्या जोडीला योगासनं दिल्यावर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अलिप्तपणा, निरुत्साह कमी झालेला दिसला. 2010 साली जर्मनीत तीन महिने सायकल चालवल्यावर रुग्णांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस सुमारे 12 टक्क्यांनी वाढलेला आढळला. रुग्ण आठच होते आणि पुढे सगळीकडे तसं दिसलं नाही. तरी बालपणीच्या आघाताची झळ मेंदूच्या याच भागाला लागते, म्हणून या दिशेने शोध चालू राहावा असं मला वाटतं.

चिठ्ठीवर 'रोज चाला' लिहिणं सोपं. आमच्या गावात एकटा, कामाशिवाय रस्त्याने फिरणारा माणूस दिसला की पोरं 'येडं' म्हणून मागं लागतात. सुनेला तर तेवढंही बाहेर पडता येत नाही. तेव्हा चालायला सोबत कोण देणार, हे आज ठरायला हवं. तालमीतली पोरं, बचत गटातल्या बाया, शाळेचे क्रीडाशिक्षक यांना आम्ही मुद्दाम बोलावलंय. ते मागच्या रांगेत बसलेत, त्यांना पुढे घ्या.

तज्ज्ञांना एक विनंती. पहिला तास रुग्ण आणि नातेवाइकांना दिला आहे, त्यात कुणी त्यांना मध्ये तोडू नये. जेवणाला आमच्याकडची ज्वारीची भाकरी आहे.