जादूला गाव हवं



पैठणच्या सातवाहन राजाकडे गुणाढ्याने सात लाख श्लोकांचा ग्रंथ पाठवला. पैशाची भाषेतला, आणि रानात शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिलेला. राजाने तो नाक मुरडून परत पाठवला; आजच्या संपादकांची नकारपत्रं त्यामानाने सभ्य म्हणायची. मग गुणाढ्य डोंगरावर अग्निकुंड पेटवून बसला. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली जनावरं चरायचं सोडून ऐकत उभी राहिली. इकडे राजाच्या ताटात सुकं, निःसत्त्व मांस येऊ लागलं. राजा आजारी पडला. आचाऱ्यांनी पारध्यांकडे बोट दाखवलं, पारध्यांनी डोंगराकडे. राजा तिथे पोचला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एक लाखाची ती बृहत्कथा, असं सोमदेव 'कथासरित्सागरा'त सांगतो.

ही दंतकथा झाली. पण सोमदेव स्वतः दंतकथा नव्हे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यवती राणीचं मन रमावं म्हणून त्याने तो ग्रंथ रचला. त्या राजघराण्यात बापलेकाचं वैर पुढे इतकं विकोपाला गेलं की राजाने आत्महत्या केली आणि राणी सती गेली. अशा घरातली ही प्रौढ, राजकारण जाणणारी बाई. तिला चार घटका त्या कथांमधल्या विद्याधरांच्या नगरीत जावंसं वाटलं असेल, तर त्याचं कारण मला कुणी समजावून सांगायला नको.

तेव्हा मोठ्यांसाठीची जादूची कादंबरी हा परदेशातून आलेला नवा माल आहे, ही समजूत आधी बाजूला ठेवू. 1861ची 'मुक्तामाला', 1868ची 'मंजुघोषा'. मराठी कादंबरीचं बालपण अद्भुतातच गेलं. पुढे हरिभाऊ आपट्यांनी वास्तववादी कादंबरीत यमूला बोलतं केलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्यानंतर आपण एक विचित्र वाटणी केली. वास्तव मोठ्यांचं, अद्भुत पोरांचं, आणि जे उरलं ते भुतांचं. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' आपण मुलांच्या खणात ठेवून दिल्या. गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणले. ते वाचलेला माणूस त्या गोष्टींना बालवाङ्मय म्हणायला धजणार नाही. नारायण धारपांच्या नावावर आपण भय एवढाच शिक्का मारला. जी. ए. कुलकर्णी यांना मात्र मान दिला, कारण तिथे आपल्याला रूपक सापडलं. पण जी.एं.च्या वाळवंटात माणूस नियतीला भेटायला जातो, राहायला जात नाही.

मला आज बोलायचं आहे ते राहण्याबद्दल. मराठीत चमत्कार भरपूर आहेत, पण त्यांना गाव नाही. बैलगाडी उडते, मेलेली आजी ओसरीवर येऊन बसते, झाड बोलतं. आणि हे सगळं एका प्रकरणापुरतं. पलायन करणाऱ्या वाचकाला अशी घटना पुरत नाही. त्याला पत्ता लागतो. तिथे पाणी कुठून येतं, रात्री दार कोण लावतं, जादू वापरली की किंमत कोण मोजतं, हे त्याला कळावं लागतं.

सुझॅना क्लार्क यांची 2020 साली आलेली 'पिरानेसी' पाहा. एक अफाट घर. दालनामागून दालन, प्रत्येकात संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यांत समुद्र, वरच्यांत ढग. आत राहणारा माणूस भरती-ओहोटीचं गणित मांडतो, मासे धरतो आणि जळणासाठी समुद्रशेवाळ वाळवतो. एकदा अल्बट्रॉस पक्ष्यांची जोडी घरटं बांधायला येते. त्यांना कोरडं काही मिळेना. हा आपल्या साठ्यातलं शेवाळ त्यांना देऊन टाकतो, आणि त्यापायी आपल्याला किती दिवस थंडी सोसावी लागेल याचा हिशोबही करतो. शिवाय त्या सालाला नाव देतो: नैर्ऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस आला ते वर्ष. इथे मंत्र नाही, कांडी नाही. आहे तो जळणाचा हिशोब, आणि त्या हिशोबाने मी त्या घरात राहायला गेले.

क्लार्कबाईंची पहिली कादंबरी 2004ची. मधली बरीच वर्षं आजारपणाने त्यांना घराबाहेर पडणं कठीण झालं होतं. आपल्याकडे कादंबरीकार नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. 'वीरधवल'सारखी अद्भुतरम्य कादंबरी त्यांनी लिहिली ती त्यानंतर. दोघांची जातकुळी एक नाही. पण ज्याला चार भिंती ओलांडता येत नाहीत, तो पलीकडचं जग किती नेटाने बांधतो, ते दोघांकडे दिसतं.

अशा जगात रमण्यावर पळपुटेपणाचा आरोप ठरलेला. टॉल्किन यांनी 1939 साली सेंट अँड्र्यूजच्या व्याख्यानात त्याला उत्तर दिलं: तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणातून पळणारा शिपाई यांची गल्लत करू नका. उत्तर देखणं आहे, मला ते अर्धंच पटतं. आपला वाचक कैदी नाही आणि शिपाईही नाही. तो डोंबिवलीहून गाडी पकडणारा माणूस आहे. तासाभराने परत येणार आहे, हे त्याला पक्कं माहीत असतं. त्या तासाचा जाब त्याला विचारणारे आपण कोण?

माझी तक्रार वाचकाबद्दल नाही, लेखकांबद्दल आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार घ्या. उल्केच्या आघाताने काळ्या बसाल्टमध्ये पडलेलं विवर. तळाशी खारं तळं, आणि काठाजवळच गोड्या पाण्याची अखंड धार. दैत्यसूदनाचं देऊळ आहे, लवणासुराची कथा आहे. 2020च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं; खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं संशोधकांनी सांगितलं. एवढं हाताशी असताना आपण तिथे काय लिहितो? प्रवासवर्णन. त्या विवरात राज्य असतं तर गोड्या धारेवर पहारा कुणाचा असता? खार काढणाऱ्यांना सावली कुणी दिली असती? पाणी गुलाबी झालं त्या दिवशी बाजार भरला असता का? या प्रश्नांची उत्तरं ज्याच्या वहीत आहेत, त्याने राक्षस खुशाल पन्नासाव्या पानावर आणावा.

अशी वही तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर ती पुरी करा. ग्रंथपालांनी ते पुस्तक बालविभागात लावू नये. आणि आम्हा परीक्षकांना एक विनंती: निदान शंभर पानं होईपर्यंत, हे रूपक कशाचं, असं विचारू नये.