एका पडद्यावरची अनेक बिऱ्हाडे

गिरगावातल्या किंवा लालबागेतल्या चाळीमधली एकखणी खोली आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. काहींचे तर बालपणच तिथे गेले असेल. सकाळी स्टोव्ह पेटला की ते स्वयंपाकघर. पाट उचलून केर काढला की मुलांची अभ्यासाची जागा. पाहुणा दारात उभा राहिला की दिवाणखाना, आणि रात्री गाद्या पसरल्या की शयनगृह! जागा तीच, मांडामांड तेवढी निराळी. ही पालटापालट बिनबोभाट होई, याचे कारण प्रत्येक वस्तूचे ठिकाण ठरलेले असे. गाद्या कॉटखाली, पोळपाट भिंतीशी, दप्तरे खुंटीला. आता अशी कल्पना करा की त्या घरात कशालाच ठिकाण नाही; गादीवर पोळपाट, पोळपाटावर दप्तर. आज आपल्या संगणकाच्या पडद्याची स्थिती नेमकी अशी झाली आहे.

मी अर्थशास्त्राचा माणूस. संगणकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण साधन थोडे आणि गरजा फार, ही आमच्या शास्त्राची मूळ अडचण, आणि पडद्यावरची जागा हे असेच एक थोडे साधन आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारा एखादा तरुण प्राध्यापक डोळ्यांपुढे आणा. त्याच्यापाशी चौदा इंची लॅपटॉप एक. त्यावर विद्यापीठाचे गुण भरण्याचे संकेतस्थळ उघडे, उद्याच्या तासाच्या स्लाइड उघड्या, पीएच.डी.चे अर्धवट प्रकरण उघडे, आणि व्हॉट्सॲप तर काय, उघडेच! ‘दुसरा मॉनिटर का घेत नाही?’ असे त्याला विचारणे सोपे आहे. तासावारी मिळणारे मानधन ज्याने पाहिले आहे, तो विचारणार नाही.

अशा माणसासाठीच व्हर्च्युअल डेस्कटॉप ही सोय आहे. पडदा एकच, पण त्यावरची मांडणी पालटता येते. एका मांडणीत लेखन, दुसरीत वर्ग, तिसरीत कचेरी. कळ दाबली की एक बिऱ्हाड उठते आणि दुसरे मांडले जाते. पैसा एक लागत नाही.

कल्पना मोठी जुनी आहे, आणि तिचा उगमही गमतीचा आहे. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी संगणकाच्या स्मृतीविषयी एक सिद्धान्त मांडला. कोणत्याही प्रोग्रामला आपला सगळा मजकूर एकदम लागत नाही. त्या त्या वेळी थोड्या पानांचा एक संच लागतो. तो संच मुख्य स्मृतीत मावला, तर काम सुरळीत चालते. मावला नाही, तर यंत्राचा सारा वेळ पाने आत आणण्यात आणि बाहेर नेण्यातच जातो. यंत्र घामाघूम, काम शून्य. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांच्या ध्यानात आले की पडद्यापुढे बसलेल्या माणसाचेही असेच होते. एका कामाला चारदोन खिडक्यांचा संच लागतो; काम बदलले की संच बदलतो, आणि मग नुसती उपसाउपसी. यावर त्यांनी जी व्यवस्था रचली आणि १९८६ साली निबंधातून मांडली, तिला नाव दिले ‘रूम्स’. म्हणजे खोल्याच! एका खोलीतून दुसरीत जायला दारे होती. जाताना हातात घेऊन जाण्याच्या वस्तूंना ‘सामान’ म्हटले होते. आणि जे प्रत्येक खोलीत आपल्याबरोबर असावे, घड्याळासारखे, त्याला ‘खिसा’. घरातले शब्द वापरल्यामुळे अर्धे काम समजावल्यावाचून समजते, हे मला फार आवडले.

ॲपलने ही सोय २००७ साली ‘स्पेसेस’ या नावाने आणली, विंडोजमध्ये ती अंगभूत अशी २०१५ साली विंडोज १०बरोबर आली. लिनक्सवाल्यांकडे ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि हे सांगायची संधी ते कधी सोडत नाहीत. असो.

पण नुसत्या खोल्या वाढवून भागत नाही. चार डेस्कटॉप केले आणि प्रत्येक खिडकी हाताने इकडून तिकडे नेत बसलो, तर एका पसाऱ्याचे चार पसारे झाले, एवढेच. तेव्हा प्रोग्रामला त्याचे ठिकाण नेमून द्यावे लागते. मॅकवर हे सोपे आहे. हव्या त्या डेस्कटॉपवर जायचे, खाली डॉकमधल्या चित्रावर राइट क्लिक करायचे, ‘ऑप्शन्स’मध्ये ‘असाइन टू’ पाहायचे. तिथे ‘धिस डेस्कटॉप’ म्हटले की तो प्रोग्राम तिथलाच रहिवासी झाला. ‘ऑल डेस्कटॉप्स’ म्हटले की तो खिशात बसला. लिनक्सवरच्या केडीईमध्ये नियम लिहून ठेवता येतात, आणि ते फार बारीक असतात. प्रोग्रामच्या नावावरून तर खरेच, पण खिडकीच्या मथळ्यावरूनही तिची पाठवणी करता येते. विंडोजमध्ये मात्र, खिडकी किंवा प्रोग्राम सर्व डेस्कटॉपवर दिसावा, एवढेच सांगता येते. ‘तू कायमचा तिसऱ्यात राहा’ असे सांगण्याची सोय मुळात दिलेली नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला हे का सुचू नये, कळत नाही.

आता खरी अडचण. यंत्र प्रोग्राम ओळखते, काम ओळखत नाही. ब्राउझरचेच पाहा. गुण भरायचे ते त्यातच, संदर्भ शोधायचे ते त्यातच, आणि वर्गात चित्रफीत दाखवायची तीही त्यातच. समजा आपल्या त्या तरुणाने मॅकवर ब्राउझर कचेरीच्या डेस्कटॉपवर नेमून टाकला. गुणपत्रक तिथे सुरक्षित आहे, वर्गाच्या डेस्कटॉपवर फक्त स्लाइड. प्रोजेक्टर सुरू आहे. शिकवता शिकवता त्याने स्लाइडमधल्या एका दुव्यावर क्लिक केले. यंत्र आज्ञाधारक! ब्राउझरचे घर कचेरीत, म्हणून ते पडद्यासकट तिथे धावले, आणि भिंतीवर हातभर अक्षरांत साऱ्या वर्गाचे अंतर्गत परीक्षेचे गुण. एखाद्या मुलीला वीसपैकी चार पडले असतील, तर ते साठ जणांनी वाचून होईपर्यंत दोन सेकंद पुरतात. खिडकी मिटता येते, वाचलेले मिटवता येत नाही. मुलीने त्यानंतर वर्गात यायचे की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो, शिक्षकापुढे नाही.

म्हणून माझे सांगणे असे की, नेमणूक प्रोग्रामच्या नावाने न करता कामाच्या नावाने करावी, आणि यंत्राला ते कळावे म्हणून कामांना निरनिराळे प्रोग्राम द्यावेत. ब्राउझर दोन ठेवा. एक, फायरफॉक्स म्हणा, केवळ गुणांसाठी, कचेरीच्या डेस्कटॉपवर नेमलेला; दुव्यावर क्लिक केल्यावर आपोआप उघडणारा ब्राउझर मात्र तो नको. दुसरा नेहमीच्या वापराचा, त्याला कुठेच नेमू नका. लेखनाचा प्रोग्राम लेखनाच्या जागी. व्हॉट्सॲप कुठे ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण खिशात ठेवू नये! शिवाय मॅक आपल्या अकलेने, अलीकडे वापरलेल्या क्रमाने, डेस्कटॉपची अदलाबदल करीत असते. ती सवय सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करावी. रोज रात्री घराच्या खोल्या जागा बदलू लागल्या, तर माणूस पाण्याच्या माठाशी कसा पोचणार?

आणि डेस्कटॉप म्हणजे कुलूप नव्हे. वर टपकन येणाऱ्या सूचना डेस्कटॉप पाहत नाहीत. त्या वर्गापूर्वी बंद कराव्या लागतात. ऑनलाइन तासात अख्खा पडदा दाखवला असेल, तर आपण ज्या डेस्कटॉपवर जाऊ तो विद्यार्थ्यांनाही दिसणार. तिथे एकच खिडकी दाखवण्याचा पर्याय घ्यावा.

विंडोजवाल्यांनी निराश होऊ नये. विंडोज आणि कंट्रोल या कळा धरून डी दाबली की नवा डेस्कटॉप तयार होतो. त्याच कळांसह डावा-उजवा बाण दाबला की इकडून तिकडे जाता येते. त्याला नाव देता येते. नेमणूक हाताने करावी लागते, पण सकाळी एकदा मांडले की दिवसभर पुरते. आणि डेस्कटॉप मोडावासा वाटला, तर त्यावरच्या खिडक्या बंद होत नाहीत. त्या शेजारच्या डेस्कटॉपवर बिऱ्हाड हलवतात.