मोबाईलने ओळखलेला पक्षी : भरवसा किती?

(मागील वर्षी उत्सवाच्या चौथ्या दिवशी मंडळाच्या मांडवात दिलेले भाषण)



मी पक्षितज्ज्ञ नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रुळांचीच कामे करीत आलो. पण आपल्या कॉलनीतील मुले हल्ली सकाळी मोबाईल उंच धरून पक्षी ‘ऐकतात’ आणि त्यांच्या याद्या ई-बर्डवर पाठवतात. हे यंत्र सांगते ते खरे किती, हा प्रश्न मला माझ्याच खात्यातला वाटतो.

रुळांची अल्ट्रासॉनिक तपासणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. आत तडा असेल तर पडद्यावर प्रतिध्वनीची रेघ उठते. पण तशीच रेघ बोल्टाच्या भोकानेही उठते. तडा कुठला नि भोक कुठले, हे तपासणाऱ्याने ठरवायचे असते. ही ॲप्सही त्याच जातीची. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे मर्लिन (आवाज ओळखण्याची सोय २०२१ पासून) आणि बर्डनेट ही त्यांतली प्रसिद्ध. दोन्ही आवाजाचे चित्र काढतात, आडवा वेळ आणि उभी कंपनसंख्या, आणि शिकलेल्या नमुन्यांशी ते ताडून पाहतात. बर्डनेट तर तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडून.

तांबट, कोकीळ, पावशा यांसारखे ठसठशीत आवाज सहसा बरोबर येतात. पावशाची तर गंमतच आहे. आपल्याला ‘पेरते व्हा’ ऐकू येते, शेजारच्या हिंदी भाषकांना ‘पी कहाँ’, आणि बंगाली मंडळींना ‘चोख गेलो’! ॲपला मातृभाषा नाही, तेवढा त्याचा कान कोरा.

अडचण पुढे आहे. अचानकमारच्या जंगलात भृंगराज, म्हणजे शेपटीला दोन पिसे लोंबणारा कोतवाल, इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. मोबाईल नकलेलाच अस्सल समजू शकतो. शंटिंगच्या डिझेल इंजिनाच्या घरघरीत भारद्वाजाचा खर्जातला हुंकार बुडून जातो (मांडवातल्या लाऊडस्पीकरबद्दल मी काही बोलत नाही). म्हणून ॲपने नाव दाखवले नाही म्हणजे पक्षी नव्हता, असेही नाही. बर्डनेट शून्य ते एक असा गुण देते. ०.८ म्हणजे ऐंशी टक्के खात्री, असे आपण धरतो, पण तसे नाही. एकाच गुणाचा अर्थ जातीगणिक बदलतो, हे बर्डनेटच्या एका निर्मात्यानेच २०२४ साली एका सहलेखात स्पष्ट केले आहे.

कोणी म्हणेल, चुकले तर काय बिघडले? २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला, तो सुमारे ३० हजार हौशी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून. कोणती जात घटते आहे, हे अशा याद्यांवरून ठरते. घटत चाललेला पक्षी मोबाईलच्या भरवशावर कागदावर जिवंत राहिला, तर त्याची काळजी कोण घेणार? म्हणूनच केवळ मर्लिनने सुचवले म्हणून नोंद करू नका, असे खुद्द ई-बर्डवालेही सांगतात.

फेब्रुवारीत अंगणातील पक्ष्यांची गणना असते. त्या वेळी मुलांनी वहीत तीन रकाने आखावेत : पाहिला, स्वतः ऐकून ओळखला, फक्त मोबाईलने सांगितला. तिसऱ्या रकान्यातले पक्षी शोधायला मी रविवारी सकाळी सहाला दुर्बीण घेऊन यायला तयार आहे. पालकांनी मुलांना फक्त वेळेवर उठवावे.