बिरड्याचा सण आणि जेरुसलेमचा किल्ला



संयोजकांनी मला "एखाद्या प्रवासाबद्दल बोल" असं सांगितलं. प्रवास जेरुसलेमचा आहे, पण सुरुवात ठाण्यातूनच करावी लागेल.

शनिवारच्या सकाळच्या शाळेला मी नसायची, हे तुम्हाला आठवत असेल. सोमवारी तुमच्यापैकी कुणीतरी न मागता वही पुढे करायचं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी आमच्यात परंपरेने चालत आलेली कथा आहे. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद असायचा, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, नवगावकर, किहीमकर. सणांनाही मराठी नावं मिळाली.

त्यातलाच एक बिरड्याचा सण. बिरडं म्हटलं की तुम्हाला सीकेपी घरं आठवतील! पण आमच्याकडे हा दुःखाचा दिवस. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं, त्याचा हा उपास. हिब्रू महिना आव, तारीख नववी; साधारण आपल्या आषाढ-श्रावणात येते. त्या सुमारास मोड आलेले वाल सोलून बिरडं करायचं, म्हणून सणाचं नाव ते. माझ्या आजीने मंदिराचं चित्रसुद्धा कधी पाहिलं नव्हतं, पण वाल सोलताना ती गप्प असायची.

२०१९ च्या एप्रिलमध्ये, मुलांच्या परीक्षा संपल्यावर, पेसाहच्या सुट्टीत आम्ही चौघं अश्दोदला आत्याकडे गेलो. आत्या तरुणपणीच ठाणे सोडून तिकडे गेली, पण आजही मराठीतच रागावते. सणाच्या मधल्या दिवसांत तिकडे सगळे कुटुंबासह फिरायला निघतात. आत्या आम्हाला जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये घेऊन गेली.

तिथे उघड्यावर प्राचीन जेरुसलेमची दगडी प्रतिकृती आहे. प्रमाण एकास पन्नास. इसवी सन ६६ मधलं, म्हणजे नाश होण्याआधीचं शहर: तटबंदी, बुरूज, उतारावरची घरं आणि मधोमध मंदिर. या मापाने माणूस केला तर तो जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा होईल. माझा धाकटा कठड्यावर वाकून ओरडला, "आई, हा तर दिवाळीचा किल्ला!" आजूबाजूच्या कुणालाच ते कळलं नाही. आत्या मात्र इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं.

मुलगा बरोबरच बोलला होता. किल्ला करताना आपल्याला कळायचं, की दरवाजा कुठे असावा आणि शत्रू कुठून येईल. ही प्रतिकृतीही तशाच अभ्यासातून झाली आहे. मायकेल अवी-योना या इतिहासकाराने जुने ग्रंथ आणि उत्खननं यांच्या आधारे तिचा आराखडा केला. हान्स क्रोख या हॉटेलमालकाचा मुलगा १९४८ च्या युद्धात मारला गेला होता. त्याच्या स्मरणार्थ वडिलांनी ती आपल्या हॉटेलच्या आवारात करवून घेतली आणि १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. तेव्हा जुनं शहर जॉर्डनच्या ताब्यात होतं आणि इस्रायलच्या ज्यूंना तिथे जाता येत नव्हतं. जिथे पाऊल ठेवता येत नाही, ती जागा निदान डोळ्यांनी पाहावी, म्हणून लोक तिथे यायचे. २००६ मध्ये तुकडे करून ती म्युझियममध्ये हलवली.

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात टेंपल इन्स्टिट्यूटचं प्रदर्शन पाहिलं. सोन्याने मढवलेली सात शाखांची दीपमाळ, चांदीचे कर्णे, पुरोहितांची वस्त्रं. या वस्तू नुसत्या दाखवायला नाहीत, उद्या मंदिर बांधलं तर वापरायला केल्या आहेत. मूळ जागी आज मुसलमानांची पवित्र स्थळं आहेत. माझ्या मोठीने विचारलं, "मग ती कुठे जाणार?" आत्या म्हणाली, "म्हणूनच मला कालचं बरं वाटलं. तिथे कुणाला उठवावं लागत नाही." मीही आत्याच्याच बाजूची.

पण मनात राहिलं ते म्युझियममधलंच आणखी एक दालन. तिथे कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचं कोरीव लाकडी अंतरंग उभं केलं आहे. ही प्रतिकृती नव्हे, अस्सल लाकूड. कोचीचे बहुतेक ज्यू १९५० च्या दशकात इस्रायलला गेले. प्रार्थनेला माणसं उरली नाहीत आणि सिनेगॉगची प्रदर्शनीय वस्तू झाली. आत्या तिथे बराच वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, "आपल्या ठाण्याच्या मशिदीत मिन्यान जमतो का गं अजून?" जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात. मिन्यान म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे किमान दहा पुरुष.

मी म्हटलं, "जमतो. सणाला तर उभं राहावं लागतं." तिने माझा हात घट्ट धरला.

मित्रांनो, ठाण्याचं शाअर हाशामायिम, म्हणजे 'स्वर्गाचं द्वार', १८७९ पासून सिव्हिल हॉस्पिटलजवळ उभं आहे. तुम्ही त्याच्या समोरून हजार वेळा गेला असाल. कल्याण-डोंबिवलीहून लोकल पकडून आज इथे आलेल्यांपैकी किती जण आत गेले आहेत? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे! २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा आनंद आहेच. पण वास्तू जिवंत राहते ती माणसांच्या येण्या-जाण्याने. आत प्रार्थना करणारे आम्ही आहोत. बाहेरून ती आपली मानणारे शेजारीही हवेत.

जे जळून गेलं, त्याची प्रतिकृती करावी लागते. आपलं अजून उभं आहे. तेव्हा सवडीने मला कळवा. आधी विचारून, परवानगी घेऊन मी तुम्हाला आत नेईन. नंतर घरी बिरडं. वाल मात्र सगळ्यांनी मिळून सोलायचे. इतक्या वर्षांच्या वह्यांची परतफेड एकटीने होणार नाही.